तांदिलची सुरी

पातं सहा इंचाचंच हवं, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं.
नऊच्या वर गेलं की हत्यार,
खाली राहिलं की भांडं,
असं जेल रोडच्या वकिलानं सांगितलेलं,
शंभर रुपये घेऊन.

तिकडं सुरीला नावं फार.
पाठीमागं पट्ट्यात आडवी खोचतात ती फाकोन,
पुढं जांघेपाशी असते ती वेरिहेरो,
तिसरी खोगिराखाली, तिचं नाव सांगायच्या ऐवजी
ओस्वाल्दोनं नुसता फोटो पाठवला.
मला मधली परवडली.
चार हजार दोनशे. टपाल वेगळं.

आई विडीची पानं कातरत होती.
पत्र्याचा साचा, पान, कातरी. साचा, पान, कातरी.
"कोण हा ओसवाल? मारवाडी तिकडंही पोचला?"
ओसवाल नाही गं, ओस्वाल्दो. गुरं राखतो. तांदिल गावचा.
"तांदूळ पिकतो का तिथं?"
गवत पिकतं. आपल्या विडी घरकुलापासून
थेट गुलबर्ग्यापर्यंत गवत समज,
मधे एक टपरी नाही.
हे मात्र तिला खोटं वाटलं.
टपरी नाही, तर माणसं उभी कुठं राहतात?

मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचे हिशेब लिहिते.
आमच्या खोक्यातला एक टॉवेल
तिकडच्या दुकानातून त्याच्या घोड्याखाली गेला.
किनारीवरचा पत्ता वाचून त्यानं लिहिलं,
घाम चांगला शोषतो.
तिथून सुरू झालं सगळं.
पेंटय्या फोरमन म्हणाला, दिवाळीचा बोनस आणि सुरी?
पैंजण घ्यायचे की.
पैंजण माझ्याकडं आहेत. सुरी नव्हती.

खोकं मुंबईत एकवीस दिवस अडकलं.
वस्तूचा उपयोग काय, असा एक रकाना.
मी लिहिलं, जेवण.
खरंच आहे ते. मांसाचा तुकडा दातात धरायचा
आणि ओठांपाशी खालून वर पातं ओढायचं.
नाक सांभाळून.
पिणाऱ्यांची नाकं आखूड असतात, असं ओस्वाल्दोचं म्हणणं.

मंगळवार बाजारात दस्तगीर शिकलगारांना दाखवली.
त्यांनी नखानं टिचकी मारली, कानाशी नेली.
"कानस आहे ही. जुनी कानस ठोकून केलीय.
बघ, मुठीपाशी दात राहिलेत अजून."
मग मुठीवरची कच्च्या चामड्याची वीण
बराच वेळ अंगठ्यानं चाचपली.
"ही तर चाबकाची वीण. माझा बाप घालायचा."
कितीला पडली, विचारलं त्यांनी. सांगितलं.
चाक थांबवून बसले.
"ट्रकच्या पाट्याची मी दीडशेला देतो," म्हणाले,
आणि धार लावायचे पैसे घेतले नाहीत.
घ्यायला हवे होते.

खोक्यात एक सुरी जास्तीची निघाली.
बोटाएवढी, शिंगाच्या मुठीची,
बिलात नसलेली.
चिठ्ठी होती: ही पानं कापणाऱ्या आईसाठी.
पण सुरी फुकट घेऊ नये, दोस्ती तुटते.
एक नाणं पाठवायला सांगा.

आईच्या हातात द्यायला गेले, तिनं हात मागं घेतला.
"खाली ठेव. हातोहात देतात का? भांडणं लागतात."
जमिनीवरून उचलली. पानावर चालवून बघितली.
पान फाटलं.
"कातरीच बरी," म्हणाली,
तरी सुरी सुपाखाली सरकवली.
मग कनवटीचं पाच रुपयांचं नाणं काढलं,
पदरानं पुसलं,
आणि खाली ठेवलं. माझ्यासमोर, जमिनीवर.
"ओसवालला सांग, आम्ही उधारी ठेवत नाही."

सोमवारी माल निघाला.
एका टॉवेलची किनार उसवून मी पुन्हा शिवली.
कागदावर लिहिलं: टॉवेल, चौकडी, नग दोनशे चाळीस.
वजनात पाच-सहा ग्रॅमचा फरक येतो.
तेवढा चालतो.